जळक्या थिएटरचं म्युझियम: फिगेरसमधले चार दिवस

भाची बार्सिलोनात शिकते. दिवाळी आटोपून मी तिच्याकडे गेलो, तर तिने माझ्यासाठी पिकासो म्युझियमची तिकिटं काढून ठेवलेली. मी म्हटलं, ते बघूच, पण मला फिगेरसला जायचंय. चित्रकार साल्वादोर दालीच्या गावाला.

"मामा, तुला दाली कधीपासून आवडायला लागला?"

आवडतो असं नाही. ती वितळलेली घड्याळं कॅलेंडरवर बघितलेली, त्यापलीकडे माझी फार ओळख नव्हती. माझं कारण वेगळं होतं. मी कोल्हापूरचा. दिवसा बँकेत, आणि गेली तीसेक वर्षं संध्याकाळी हौशी नाटकांचं नेपथ्य. राज्य नाट्य स्पर्धेत आमचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या रंगवलेल्या भिंती, उभे राहायचे ते केशवराव भोसले नाट्यगृहात. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, मूळचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला उभं राहून ज्यांनी ज्वाळा बघितल्या त्यांत मीही होतो. नंतर कधीतरी कुठेतरी वाचलं की स्पेनमध्ये एका चित्रकाराने जळालेलं थिएटर घेऊन त्याचं म्युझियम केलंय. तेव्हापासून डोक्यात होतं.

बुधवार

बार्सिलोनाहून वेगवान गाडीने तासाच्या आत पोचलो. एक सांगून ठेवतो, फिगेरसला दोन स्टेशनं आहेत. वेगवान गाडी थांबते ते विलाफांत गावाच्या कडेला, तिथून म्युझियमपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. साधी गाडी दुप्पट वेळ घेते, पण गावातल्या स्टेशनावर सोडते आणि स्वस्तही पडते. चाकांची बॅग दगडी रस्त्यावरून ओढत नेताना या माहितीची किंमत कळते.

गाव आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. मधोमध झाडांची सावली असलेला रुंद रस्ता, त्याला रांबला म्हणतात. तिथे पुतळा आहे तो दालीचा नाही, नार्सिस मोंतुरिओलचा. १९ व्या शतकात पाणबुडी बनवणारा हा माणूसही याच गावचा. पाच मिनिटांवर त्याच्याच नावाच्या रस्त्यावर दालीचा जन्म झाला, ११ मे १९०४ ला. त्याच्या आधी नऊ महिने त्याचा थोरला भाऊ वारला होता, आणि त्याचंही नाव साल्वादोरच होतं. आईबापांनी तेच नाव पुन्हा ठेवलं. पोराने पुढे आयुष्यभर 'मी, मी' केलं, त्याचं मूळ इथेच असावं असं मला वाटत राहिलं.

संध्याकाळी गारठा पडला. कोपऱ्यावर एक म्हातारी पत्र्याच्या डब्यावर चेस्टनट भाजत बसली होती आणि शेजारी चक्क रताळी. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला इथे सर्व संतांचा सण असतो, त्याच्या आसपास घरोघरी चेस्टनट आणि रताळी भाजून खातात. कागदाच्या पुडीत गरम रताळं घेऊन मी उभ्याउभ्या खाल्लं. एकादशी नव्हती, पण चव तीच.

आम्ही एका घरातच खोली घेतली होती. घरमालकीण सत्तरीची, बोलायला खमकी. स्वयंपाकघरात आपल्याकडे लसणाच्या माळा टांगतात तशा टोमॅटोच्या माळा टांगलेल्या. हे टोमॅटो टांगून ठेवले की हिवाळाभर टिकतात आणि फक्त पावावर चोळायला वापरतात. मी आपला टोमॅटोची चकती कापून पावावर ठेवली. बाईंनी ती उचलून फेकली. टोमॅटो अर्धा चिरायचा, भाजलेल्या पावावर खसाखसा घासायचा, साल हातात उरली की टाकायची, वर तेल, मीठ. भाचीने भाषांतर केलं, "बाई म्हणतायत, चकती ठेवतात ती परदेशी माणसं." मी परदेशीच आहे हे त्यांना मान्य नसावं. सोबत वांगी आणि ढोबळी मिरची विस्तवावर भाजून सोललेली, उभ्या फाकांत. तिला एस्कालिवादा म्हणतात. चिरडायची राहिली एवढंच, नाहीतर भरीतच.

गुरुवार

गुरुवार इथला बाजाराचा दिवस. भाज्या, मध, ऑलिव्ह, अळंबी. बाजारात तासभर गेला तो एका पावाच्या ठेल्यामुळे. तीन टोकं असलेला पाव, बसक्या टोपीसारखा. ठेलेवाल्याने तो माझ्या डोक्यावर ठेवून दाखवला आणि म्युझियमच्या दिशेने बोट केलं.

पोचल्यावर बोट कशाला केलं ते कळलं. म्युझियमची लांबलचक लाल-गुलाबी भिंत आहे, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत हेच पाव चिकटवलेत, पिवळट प्लास्टरचे. गच्चीच्या कडेला माणसापेक्षा मोठी पांढरी अंडी ओळीने उभी. समोरच्या दर्शनी भागावर डोक्यावर पाव घेतलेल्या बायका. यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेऊन जाणाऱ्या जोगतिणी ज्याने बघितल्यात त्याला त्या अनोळखी वाटणार नाहीत.

तिकिटाबद्दल. ते ऑनलाइन, वेळ ठरवूनच काढावं. उन्हाळा सोडला तर बहुतेक सोमवारी म्युझियम बंद असतं आणि वेळाही हंगामाप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्याआधी बघून घ्या. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. अकरानंतर शाळेची पोरं येतात आणि मग चित्रांपेक्षा पाठपिशव्याच जास्त दिसतात. आणि वितळलेल्या घड्याळांचं ते प्रसिद्ध चित्र इथे नाही, न्यूयॉर्कला आहे. माझ्यासमोर एका बाईने तिसऱ्या मजल्यापर्यंत ते शोधलं.

आत गेल्यावर पहिल्यांदा लागतं ते उघडं, गोल अंगण. वर आभाळ. मधोमध काळी कॅडिलॅक गाडी, तिच्या बॉनेटवर एक धिप्पाड ब्राँझची राणी, मागे ट्रकच्या टायरांचा खांब आणि त्यावर एक होडी. गाडीत नाणं टाकलं की गाडीच्या आत पाऊस पडतो. सगळे तिकडेच धावतात. मी मात्र भिंतीकडे बघत राहिलो, कारण ही भिंत मला ओळखीची होती. अर्धवर्तुळाकार, खिडक्यांच्या रांगा एकावर एक. हे अंगण नाही, हे प्रेक्षागृह. आपण खुर्च्यांच्या जागी उभे आहोत आणि वरचं छप्पर गेलंय. खिडक्यांत प्रेक्षक बसावेत तसे सोनेरी पुतळे उभे केलेत.

थिएटर १८५० च्या सुमाराचं. यादवी युद्धाच्या शेवटी, १९३९ मध्ये, जळालं. नंतर वीसेक वर्षं नुसत्या भिंती उभ्या. १९६० च्या सुमारास गावच्या महापौरांनी, रामोन ग्वार्दिओला त्यांचं नाव, दालीकडे गावातल्या संग्रहालयासाठी एक चित्र मागितलं. दाली म्हणाला, एक चित्र कशाला, अख्खं म्युझियम देतो, मला ते जळकं थिएटर द्या. त्याची कारणंही चोख होती. तो स्वतःला आधी नाटकी माणूस समजायचा, थिएटरसमोरच्या सांत पेरे चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झालेला, आणि कोवळ्या वयात त्याची चित्रं पहिल्यांदा लोकांसमोर आली ती याच थिएटरच्या दालनात. काम रेंगाळलं, सरकारी मंजुऱ्या लांबल्या (तिकडेही लांबतात, ऐकून बरं वाटलं), आणि २८ सप्टेंबर १९७४ ला उद्घाटन झालं. मागितल्यापासून जवळजवळ चौदा वर्षं.

कोल्हापुरात आम्ही सगळ्यांनी एकच मागणी लावून धरली होती, होतं तसंच उभं करा. लाकडासाठी लाकूड, दगडासाठी दगड. माझीही तीच मागणी होती, सहीसुद्धा केलेली. इथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं की दुसरंही काही करता येतं. छप्पर गेलं तर जाऊ दे म्हणायचं, आणि प्रेक्षकांच्या जागी पाऊस पाडायचा. आमच्याकडे हे चालणार नाही. चालूही नये, आम्हाला तिथे नाटकं करायचीत. पण अंगणातून मला काही केल्या पुढे जाववेना.

अंगणाच्या पलीकडे रंगमंच. त्यावर काचेचा घुमट, आतून मधमाशीच्या डोळ्यासारखा. तो एमिलिओ पेरेझ पिन्येरो या वास्तुकाराचा. पुरं म्युझियम बघायला तो राहिला नाही, १९७२ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर भलाथोरला रंगवलेला पडदा, एका बॅलेसाठी दालीनेच केलेला. एक प्रचंड माणूस, आणि छातीत दरवाजा.

मी विंगेतून चढावं तसा कडेने रंगमंचावर गेलो आणि सवयीने वाकलो. फरशीला हात लावला, कपाळाला लावला. आमच्यात कुणीही रंगमंचावर पाय ठेवताना असंच करतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. पण लगेच एक सुरक्षारक्षक माझ्या दिशेने येताना दिसला. पन्नाशीचा, जाड मिशांचा, हातात वॉकीटॉकी. मला वाटलं, काहीतरी नियम मोडला.

भाची त्याच्याशी बोलली आणि हसायला लागली. "मामा, तू ज्या फरशीला हात लावलास ना, तिच्याखाली दाली आहे."

खरंच. रंगमंचाच्या मध्यावर एक साधी दगडी फरशी, नाव नाही, काही नाही. तिच्याखाली तळघरात त्याचं थडगं. २३ जानेवारी १९८९ ला तो याच गावात वारला आणि इथेच पुरला. दिवसभर हजारो माणसं त्याच्यावरून चालत जातात. रक्षक म्हणाला, लोक फरशीवर उभं राहून वर घुमटाचे फोटो काढतात, खाली कुणी वाकत नाही, म्हणून बघायला आलो. मी भाचीला म्हटलं, त्याला सांग, मी दालीच्या नाही, स्टेजच्या पाया पडलो. हे भाषांतर करायला तिला बराच वेळ लागला.

मग मी फोन काढला. आमच्या थिएटरचे फोटो दाखवले, जळण्याआधीचे, त्या रात्रीचे, दुसऱ्या सकाळचे. दुसऱ्या सकाळच्या फोटोत छप्पर नाही, भिंती आहेत, वर आभाळ आहे. त्याने फोन हातात घेतला, अंगणाकडे बघितलं, पुन्हा फोनकडे बघितलं. म्हणाला, त्याची आजी लहानपणी या थिएटरात येऊन गेलेली. नाटक होतं की सिनेमा ते तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. जिना तेवढा आठवायचा, आणि आईने घट्ट धरलेला हात. म्युझियम झाल्यावर ती एकदा बघायला आली आणि गाडीतला पाऊस बघून वैतागून परत गेली. "तिला जुनं हवं होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, मलाही.

त्यानेच मग मला रंगमंचाजवळच्या एका मोठ्या चित्रासमोर नेलं. जवळून दिसतात चौकोन, मातकट, निळे, केशरी, आणि मधे खिडकीशी पाठमोरी उभी उघडी बाई. दालीची बायको गाला, समुद्राकडे बघत. रक्षकाने मागे जा, मागे जा अशी खूण केली. मी अंगणाच्या टोकापर्यंत गेलो आणि मागे वळलो तर चित्रात अब्राहम लिंकनचा चेहरा. चित्राच्या नावातच लिहिलंय की हे अठरा मीटरवरून बघा.

अठरा मीटर म्हणजे आमच्या हिशेबात साधारण विसावी रांग. नेपथ्य करणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. विंगेतून बघितलं तर आमचा राजवाडा म्हणजे नुसते फराटे असतात, आणि तो तसाच रंगवावा लागतो. जवळून सुबक रंगवलेला राजवाडा विसाव्या रांगेतून धुरकट दिसतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले ते याच हिशेबाने. आम्ही पोरांना त्यांची नावं सांगतो, मग ब्रश जाड घ्यायला सांगतो. दालीला मी तोवर विक्षिप्त समजत होतो. त्या अठरा मीटरवर कळलं की हा आमच्याच धंद्यातला आहे.

पुढचं सगळं मग मी तसंच बघितलं. मे वेस्ट या नटीची खोली: खोलीत नुसतं सामान, लाल ओठांचा सोफा, नाकाची दोन धुराडी, भिंतीवर पॅरिसची दोन चित्रं, आणि वर सोडलेले पडदे. समोरच्या शिडीवर चढून भिंगातून बघितलं की सामानाचा चेहरा होतो. शिडीला रांग असते, वीस मिनिटं जातात. गुडघे दुखत असतील तर सोडून दिलंत तरी बिघडत नाही, खालूनही अंदाज येतो. वरच्या मजल्यावर जुन्या थिएटरचं दालन आहे, जिथे त्याचं ते पहिलं प्रदर्शन झालं. तिथलं छत त्याने रंगवलंय. खालून बघितलं की दाली आणि गाला यांचे भलेमोठे तळपाय दिसतात. आपण त्यांच्या पायाखाली आणि तो खाली आपल्या पायाखाली. गडी हिशेबाला पक्का होता.

पण सगळंच लांबून बघायचं नाही. एका छोट्या खोलीत 'पावाची टोपली' आहे, १९४५ चं. काळ्या अंधारात टेबलाच्या कडेशी एक टोपली, तीत पावाचा एक तुकडा, बस्स. याला एकाही मीटरचं अंतर लागत नाही. पावाची कवचासारखी कड, आतली जाळी, प्रकाश पडलेल्या बाजूचा पिठूळपणा. मिशा, गाड्या, लिंकन, सगळा तमाशा बाजूला ठेवून हा माणूस असं चित्र काढू शकत होता. कुणाला घाईच असेल तर त्याने कॅडिलॅक सोडावी आणि हे बघावं. जवळपास १९३४ च्या सुमाराचं एक चित्र आहे, वहीच्या पानाहून लहान. खडकांमध्ये कुबड्यांवर टेकलेलं एक भयाण धूड आणि कोपऱ्यात खलाशाच्या कपड्यातला चिमुकला मुलगा. तो मुलगा दालीच. चष्मा घेऊन जा.

त्याच तिकिटात बाजूच्या इमारतीतले दागिनेही बघता येतात. दालीने काढलेले आराखडे आणि त्यावरून घडवलेले दागिने. माणकांचं एक हृदय आहे, ते खरोखर धडधडतं. कोल्हापूरच्या गुजरीत वाढलेल्या माणसाला सोन्याचं काय कौतुक, पण त्या हृदयापुढे मी बराच वेळ थांबलो.

निघताना रक्षकाने माझं तिकीट मागून घेतलं. मागे स्वतःचा ईमेल लिहिला. म्हणाला, तुमचं थिएटर उभं राहिलं की फोटो पाठवा.

शुक्रवार

वारा. रात्रीपासून खिडकी आपटत होती. घरमालकीण म्हणाली, त्रामुंताना सुटलाय. पिरेनीज डोंगरांवरून येणारा हा उत्तरेचा वारा इथे एकदा सुटला की दिवस-दिवस थांबत नाही, आणि वेडसर माणसाला इथे 'त्रामुंताना लागलेला' म्हणतात. दालीबद्दल विचारलं तर बाईंनी नुसती खिडकीकडे मान हलवली. नंतर भाचीला हळूच म्हणाल्या, चित्रं चांगली असतील, पण हुकूमशहा फ्रँकोची भलामण केली त्याने, ते आमच्या घरात कुणी विसरलं नाही. म्हणून मीही लिहून ठेवतो. माणूस म्हणून त्याच्यावर जीव जडावा असं फारसं काही सापडत नाही.

कादाकेसला बस तासाभरात जाते, शेवटचा अर्धा तास घाटाचा. आंबोलीची सवय असलेल्यांनी खुशाल जावं, बाकीच्यांनी पोटात फार काही ठेवू नये. बस दिवसातून मोजक्याच आहेत, परतीची वेळ उतरल्या उतरल्या टिपून घ्या. गाव पांढरंशुभ्र, समुद्राला धरून. वाऱ्याने आभाळ असं धुऊन निघालेलं की लांबच्या होडीचा दोरसुद्धा दिसावा. दालीच्या चित्रांत सगळं इतकं टोकदार का असतं, ते इथल्या हवेत समजतं.

त्याचं घर पोर्त यिगातला, कादाकेसहून टेकडी ओलांडून वीस-पंचवीस मिनिटांवर. तिथे आरक्षणाशिवाय आत सोडत नाहीत, आठ-दहा जणांचा गट करून नेतात, आणि तिकीट घ्यायला अर्धा तास आधी पोचावं लागतं. आम्ही वाऱ्यात उलटे ढकलले जात उशिरा पोचलो. खिडकीवरच्या मुलीने आमचे केस बघितले, काही न बोलता पुढच्या गटात घातलं.

१९३० मध्ये दालीने इथे एका कोळ्याची झोपडी घेतली, मग शेजारची, मग तिच्या शेजारची, आणि चाळीस वर्षं घर वाढवत नेलं. त्यामुळे एकही खोली दुसरीच्या पातळीत नाही. दारात पेंढा भरलेलं पांढरं अस्वल, गळ्यात माळा. पण मला बघायचा होता तो स्टुडिओ. जमिनीला एक लांब खाच आहे, आणि भलामोठा कॅनव्हास त्या खाचेतून खाली-वर करता येतो. म्हणजे शिडीवर न चढता खुर्चीत बसूनच आभाळही रंगवायचं आणि जमीनही. आम्ही पडदा भिंतीला टांगून चार जण मचाणावर लोंबकळतो. मी खाचेची रुंदी बोटांनी मोजत होतो तेव्हा गाइडने मला दोनदा हटकलं.

आणि निजायच्या खोलीबाहेर एक आरसा. असा कोन साधून लावलाय की पलंगावर पडल्यापडल्या समुद्रावरचा सूर्योदय दिसावा. जवळचं क्रेउसचं टोक हे स्पेनच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेचं टोक. देशात सूर्याचा पहिला किरण आपल्यावर पडतो असं तो मिरवायचा. प्रकाशयोजना स्वतःची, स्पॉट स्वतःवर.

परतताना एका छोट्या कॅफेत वाऱ्यापासून लपून बसलो. इथे बुचाच्या आकाराचे स्पंजसारखे छोटे केक मिळतात, 'ताप्स'. तीन खाल्ले. तिथे भाचीला मी हत्तीची गोष्ट सांगितली, आणि तिला ती खरी वाटेना. १९६७ मध्ये आपल्या एअर इंडियाने, मुख्यालय तेव्हा मुंबईत, दालीकडून पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला ॲशट्रे करून घेतला. शिंपल्याला वेढलेला साप, आणि खाली आधाराला हंस, जो उलटा केला की हत्तीचं डोकं होतो. मोबदला म्हणून दालीने पैसे मागितले नाहीत, हत्तीचं पिल्लू मागितलं. आणि एअर इंडियाने दिलं! बंगळूरहून विमानाने जिनिव्हा, तिथून ट्रकने हा घाट उतरून कादाकेस. पुढे ते व्हॅलेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात गेलं.

"या घाटातून?" भाची म्हणाली. बसमध्ये तिचा चेहरा हिरवा झाला होता.

"हत्तीला विचारायला पाहिजे."

शेजारच्या टेबलावर एक म्हातारा जाळ्याची दोरी गुंडाळत बसला होता. भाचीने त्याला विचारलं, हत्ती आठवतो का. त्याने दोन्ही हातांनी मांडीपासून छातीपर्यंत उंची दाखवली, आणि पुन्हा दोरी गुंडाळायला लागला.

शेवटची बस आम्ही पाच मिनिटांनी चुकवली असती. तीच दहा मिनिटं उशिरा आली.

शनिवार

पुबोलचा वाडा थोडक्यात सांगतो, कारण पाय बोलायला लागले होते. साध्या गाडीने अर्ध्या तासावर फ्लासा, तिथून चार किलोमीटर शेतांमधून चाल, किंवा टॅक्सी. जाताना चाललो, येताना टॅक्सी. थंडीत हा वाडा काही महिने बंद असतो, तेव्हा चौकशी करून जा.

१९६९ मध्ये दालीने हा जुना वाडा गालासाठी घेतला. अट तिची, आणि ती अशी की तिने लेखी बोलावल्याशिवाय त्याने यायचं नाही. बागेत लांबलचक काटक्यांच्या पायांचे हत्ती उभे आहेत. आत एके ठिकाणी मी हसलो. गालाला रेडिएटर दिसायला नको होते, म्हणून दालीने ते झाकायला दारं केली, आणि त्या दारांवर रेडिएटरच रंगवले. इतके हुबेहूब की आपण हात शेकायला जावं.

१९८२ मध्ये गाला गेली, ती इथल्याच तळघरात आहे. शेजारी दुसरी जागा केलेली, ती रिकामी. समोर पेंढा भरलेला जिराफ पहारा देत उभा. तिच्यानंतर दाली इथे राहायला आला, आणि १९८४ मध्ये त्याच्या निजायच्या खोलीला आग लागली. पलंगाजवळच्या घंटेच्या वायरीतून लागली असं सांगतात. तो भाजला, वाचला, आणि मग जे घर सोडलं ते कायमचं. उरलेली वर्षं काढली ती फिगेरसला, त्या जळक्या थिएटरला लागून असलेल्या मनोऱ्यात.

संध्याकाळी सामान घ्यायला परत आलो. सणामुळे दुकानं बंद, रस्ते रिकामे. घरमालकिणीने बदाम-साखरेचे छोटे गोळे, वर पाइनच्या बिया लावलेले, कागदात बांधून दिले. मी तिला शंकरपाळ्यांचा उरलेला डबा दिला. तिने एक शंकरपाळी उजेडात धरून चारी बाजूंनी बघितली आणि विचारलं, हे पावावर चोळायचं का?

परतल्यावर

तिकीट माझ्या पाकिटात आहे, ईमेलची बाजू वर. बँकेतून घरी जाताना मी वाट जरा वाकडी करून खासबागेवरून येतो. आत काम चालू आहे, परांच्या बांधलेल्या आहेत, कडेला पत्रे लावलेत. परवा रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पावलांनी अंतर मोजलं. अठरा मीटर भरतात ते चहाच्या गाडीपाशी. गाडीवाला म्हणाला, काय शोधताय काका? मी चहा सांगितला. फोटो अजून काढलेला नाही.